उंबरा कागदावर नव्हता

ताई, उंबरा बसवायचा की नाही, एवढं तरी सांगून जायचं होतंत.

तुम्हाला जाऊन आज पाच आठवडे झाले. प्रभात रोडच्या तुमच्या गॅरेजमध्ये, जिथे आपण घरं आखायचो त्या लांब टेबलाशी मी बसले आहे. माणसं अजून भेटायला येतात. तुमचा हात किती चांगला होता, पडदे किती सुंदर निवडायचात, असं म्हणतात. मी मान हलवते. पडदे निवडणं हे तुमचं काम नव्हतं, हे त्यांना सांगायची ताकद माझ्यात राहिलेली नाही. कुणी ‘घर सजवणाऱ्या बाई’ म्हटलं की तुम्ही चिडायचात. “सजवायला घर म्हणजे काय गौर आहे?” हे तुमचं वाक्य मला त्यांच्यासमोर आठवतं, हसू फुटतं, आणि मग लोकांना वाटतं ही रडते आहे.

खरं सांगू? मी अजून नीट रडलेलेच नाही. मला वेळच मिळाला नाही. तुम्ही मुळशीचं घर अर्धवट टाकून गेलात आणि त्या घराचं गुपित एकट्या माझ्या गळ्यात बांधून गेलात. तेव्हापासून दुःख कुठलं आणि भीती कुठली, हे मला वेगळं करता येत नाही.

तुमच्याकडे मी आले तेव्हा मला रेघ सरळ काढता येत होती, बाकी काही नाही. ड्रॉइंगच्या परीक्षांचे दाखले तुमच्यापुढे ठेवले, तर तुम्ही ते उलटून पाहिलेही नाहीत. विचारलंत, “सकाळी जाग आल्यावर तुझा हात पहिल्यांदा कुठे जातो?” मी गोंधळले. मग म्हणाले, “उशीखाली. किल्लीकडे.” तुम्ही म्हणालात, “म्हणजे घरात तुझी स्वतःची पेटी आहे आणि तिला कुणीतरी हात लावतं.” माझ्या वहिनीबद्दल मी जन्मात कुणाला बोलले नव्हते. त्या दिवशी तुम्ही मला कामावर ठेवलंत आणि मी तुम्हाला जरा घाबरायला लागले.

सगळ्यांशी तुमचं असंच होतं. तीन दुपारी त्या माणसांकडे बसल्याशिवाय तुम्ही कागदाला पेन्सिल लावायचा नाहीत. त्या रेल्वे गार्डाचं घर आठवतं? रिटायर झालेला माणूस, नवं घर, पुढे छान ओटा, आणि तरी दिवसभर चिडचिड करायचा. तुम्ही त्याची आरामखुर्ची उचलून मागच्या पडवीत ठेवायला लावलीत, जिथून रस्ता दूर जाताना दिसतो. घरचे म्हणाले, मागच्या दाराला का? तुम्ही म्हणालात, “आयुष्यभर शेवटच्या डब्यात बसून मागे सरत जाणारं जग पाहिलेला माणूस आहे हा. त्याच्या तोंडावर गर्दी कशाला आणता?” तो माणूस त्या खुर्चीत बसला आणि निवला. तुमच्यामुळे मला कळलं की घर भिंतींचं होत नाही, माणसानं आधी काय काय पाहिलं आहे त्याचं होतं. हे ऋण मानते. पण तुमच्याशी माझं भांडण आहे, आणि ते मला आज बोलायचं आहे.

मुळशीच्या घराचे मालक नाना. जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. मुलगा मुंबईला. नाना आणि माई, दोघांनीच राहायचं म्हणून तळ्याच्या वरच्या अंगाला छोटं बैठं घर बांधायला काढलं. पुण्यात सगळे त्यांना वेड्यात काढत होते. एस.टी. दिवसातून दोनदा, वीज नाही, चार महिने पाऊस असा की अंगणातून विहिरीपर्यंत जाता येत नाही. तुम्ही तीन दुपारी त्यांच्याकडे गेलात. तिसऱ्या दुपारी माई देवळात गेल्या होत्या, आणि नानांनी तुम्हाला सांगितलं, जे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

काचबिंदू. दोन्ही डोळे. बाजूचं आणि खालचं दिसेनासं झालं होतं, समोरचं नळीतून पाहावं तेवढंच उरलं होतं. गेलेलं परत येणार नाही आणि उरलेलंही फार दिवसांचं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मुलाला कळलं तर तो दोघांना मुंबईला नेईल, तिसऱ्या मजल्यावर, जिथला एकही रस्ता पायाखालचा नाही. “त्यापेक्षा मुळशी बरी,” नाना म्हणाले. “नोकरीला नवा लागलो तेव्हा धरण व्हायच्या आधी हे अख्खं खोरं मी साखळी ओढत चाललोय. पाण्याखाली काय काय आहे ते मला पाठ आहे. वरचं दिसलं नाही तर काय बिघडतं?”

तुम्ही गॅरेजमध्ये परत आलात तेव्हा तुमचा चेहरा मी पहिल्यांदाच तसा पाहिला. दुसऱ्या दिवशी नानांना बोलावून घेतलंत, फरशीवर रांगोळीची पांढरी भुकटी पसरलीत आणि त्यांना चालायला लावलंत. सव्वीस पावलं, सगळी एकसारखी. मोजणीवाल्याचे पाय. त्या पावलाएवढी काठी तुम्ही कापून घेतलीत आणि मुळशीला नेऊन सोपानकाकांच्या हातात दिलीत. सोपानकाका तिथलेच सुतार, हात सोन्याचा आणि तोंड तिखट. नुकतेच फूट-इंच जाऊन मीटर आले होते, त्यामुळे ते आधीच वैतागलेले.

“बाई, ह्यो काय नवा गज काढला सरकारनं?”

“सरकारनं नाही, मी काढला. सगळं घर या काठीवर उभं करायचं.”

“आन् पट्टी?”

“पट्टी खिशात ठेवा.”

त्यांनी तुमच्याकडं पाहिलं, काठी जमिनीवर दोनदा आपटली आणि म्हणाले, “मोट्या बाई, लई घरं बांदली, पर माणसाच्या ढांगंवर घर बांदायची ही पयलीच येळ हाय.”

तसं घर झालं. पलंगापासून मोरी नऊ पावलं, मोरीपासून देवघर सहा. भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर सागवानी पट्टी, हात सरकत जाईल अशी गुळगुळीत. बैठकीत घोटलेली शहाबादी फरशी, बोळात छिन्नीनं टाचलेली खरबरीत, मोरीपुढे चौकड्यांची, म्हणजे पायालाच कळावं आपण कुठे आहोत. खांबांचे कोपरे गोल. दारं भिंतीला पाठ टेकून उभी राहतील अशी. आणि कुठेही उंबरा नाही. माईंना आपण सांगितलं की हा नवा प्रकार आहे, मुंबईला हल्ली असंच करतात. त्या म्हणाल्या, “पट्टी छान आहे. पंचे वाळत घालायला होईल.” मला तेव्हा शरमेनं मेल्यासारखं झालं. तुम्ही मात्र चहाचा कप खाली ठेवून शांतपणे “होईल की” म्हणालात.

तुम्हाला ठाऊक आहे मी काय बोलले होते. त्या शेवटच्या सकाळी, याच टेबलाशी. मी म्हणाले, माईंना सांगायला हवं. तुम्ही म्हणालात, “ते नानांचं आहे. ज्याच्या भीतीतून घर उभं राहतं, त्याचं ते घर.”

“आणि जी त्यात रोज चूल पेटवणार, तिचं? तिच्याकडे तुम्ही किती दुपारी बसलात? ती फक्त चहा घेऊन आत-बाहेर करत होती.”

“तुला अजून ऐकता येत नाही, कुंदा. नुसतं बोलता येतं.”

मला ते इतकं लागलं, की मी जे कधी बोलायचं नाही ते बोलले. “झोपाळ्याचं विसरलात वाटतं?”

तुम्ही पेन्सिलीला टोक करत राहिलात. त्या कापडवाल्यांची मुलगी गेली होती, आणि तिला झोपाळा आवडायचा असं वडिलांनी सांगितलं म्हणून तुम्ही नव्या घराच्या दिवाणखान्यात झोपाळा टांगलात. आई गृहप्रवेशाला दारात आली, तिनं तो पाहिला आणि ती पुढे पाऊलच टाकेना. आईला कुणी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी झोपाळा उतरवला. तुम्ही त्यानंतर महिनाभर नवं काम घेतलं नाहीत, आणि कारण मला कधी सांगितलं नाहीत. मला ते माहीत होतं आणि मी तेच नेमकं काढलं. मग नकाशांची गुंडाळी काखेत मारून मी स्वारगेटला गेले.

तिसऱ्या दिवशी पौडकडून येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरनं मुळशीला माझ्या हातात चिठ्ठी दिली. तुमच्या भाच्याचं अक्षर: ताई गेल्या. दिवाळी नुकतीच सरली होती, खाली खाचरांत भाताची झोडणी चालली होती, आणि मी चिठ्ठी वाचून सोपानकाकांना म्हटलं, “बोळातली पट्टी अजून एक हात घासा.” एवढंच सुचलं. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीपासूनच थकलेलं होतं. मी त्यांना तीनदा विचारलं, काही बोलल्यानं असं होतं का. ते म्हणाले, नाही. तरी मी रोज विचारते. आता तुम्हाला विचारते.

तुमचे दिवस झाल्यावर मी मुळशीला परत गेले, तर माई तिथे आलेल्या. सोपानकाका अंगणात एका लाकडाला रंधा मारत होते. जाड, चार बोटं उंच, औदुंबराचं.

“उंबरा,” माई म्हणाल्या. “पुढच्या दाराचा. तुमच्या नकाशात राहून गेलाय.”

“माई, राहून नाही गेला. ते दार तसंच आहे. उंबरा बसवला तर फळी अडकेल.”

“मग फळी तासा.”

“बराबर हाय त्येंचं,” सोपानकाका रंधा न थांबवता म्हणाले. “उंबऱ्याबिगर घर म्हंजी गोठाच की. मी मोट्या बाईंनाबी बोललो हुतो.”

मी आणखी दोन कारणं दिली, दोन्ही खोटी. माईंनी ऐकून घेतलं. मग मला शेजारी बसवून म्हणाल्या, “कुंदा, यांच्या बदल्यांपायी सोळा घरं बदलली मी. सगळी सरकारी. सगळ्यांचे उंबरे दुसऱ्यांच्या टाचांनी झिजलेले. प्रत्येक ठिकाणी हळदकुंकू वाहिलं, पण ते शेजारणीच्या देवाला आपल्या घरचा नैवेद्य दाखवल्यासारखं. हे घर मी मागितलं नव्हतं. पुण्यात बहीण होती, देऊळ होतं, ते सोडून या पाण्याकाठी येतेय. बदल्यात एक उंबरा मागतेय. तुझ्या ताईंनी मला कधी विचारलं नाही, नाहीतर त्यांना सांगितलं असतं.”

ताई, तुमच्या तीन दुपारींत जे आलं नाही ते दहा मिनिटांत आलं. मला तुम्हाला ओढत आणून तिथे बसवावंसं वाटलं. आणि तुम्ही कुठेच नव्हतात.

मी पुण्याला नानांकडे धावले. ते पेपर डोळ्यांजवळ धरून वाचल्याचं दाखवत होते. मी म्हटलं, “नाना, माईंना सांगा. नाहीतर मी सांगते.”

“वास्तुशांत होऊ दे.” त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. “एकदा त्या घरात आम्हा दोघांचं पाऊल पडलं, की मी सांगतो. आधी कळलं तर ती इथून हलायची नाही, आणि पोरगा गाडी घेऊन दारात उभा राहील. तुझ्या ताईंनी मला शब्द दिलाय.”

तुमचा शब्द. तुम्ही हयात असतात तर मी तो मोडला असता, खरंच मोडला असता. मेलेल्या माणसाचा शब्द मोडता येत नाही, हे तुम्ही मला कधी शिकवलं नव्हतं. मी गप्प बसले. उंबऱ्याचं नानांना आत्ता सांगितलं तर ते तो काढायला लावतील, माईंची एकुलती मागणी जाईल, म्हणून मनाशी ठरवलं, उंबरा बसू दे, नाना पहिल्यांदा येतील तेव्हा मी फाटकातच उभी राहीन आणि कानात सांगेन. एवढ्यावर मी स्वतःला समजावलं. तरी एस.टी.नं जाताना घोटवड्याचा फाटा गेला की मनात दार उघडायचं आणि नाना आत यायचे, आणि दर वेळी मी त्यांच्यापर्यंत पोचायची नाही.

वास्तुशांतीला तीन दिवस होते. नाना-माई सामान घेऊन दुपारच्या गाडीनं येणार होते. पुण्याहून एका ओळखीच्याची जीप मिळाली आणि ते अकरालाच आले. मी मागच्या अंगाला मोरीचं पाणी नीट वाहतंय का ते बघत होते. जीपचा आवाज ऐकला आणि हातातली बादली टाकून धावले. घराला वळसा घालून पुढे येईपर्यंत नाना फाटकातून निघाले होते. भर उन्हातून, ताठ मानेनं, ओठ हलवत. मोजत होते, ताई. तुमच्या कागदावरची पावलं मोजत होते. मी ओरडले, “नाना, थांबा!” त्यांना वाटलं मी स्वागत करते आहे. त्यांनी हात वर केला, हसले, आणि उंबऱ्याला पाय अडखळून दारात पालथे पडले.

तो आवाज माझ्या कानातून जात नाही.

सोपानकाकांनी त्यांना उचलून भिंतीशी बसवलं. कपाळ फुटलं होतं, मनगट मुरगळलं होतं. माईंनी लुगड्याचा पदर फाडून कपाळ दाबून धरलं. नाना शुद्धीत होते, आणि एकच वाक्य परत परत म्हणत होते. “उंबरा कागदावर नव्हता. उंबरा कागदावर नव्हता.”

माईंचा हात थांबला.

“अहो, दिवसाढवळ्या चार बोटांचा उंबरा समोर आहे. कागद कशाला लागतो?”

 सोपानकाकांनी एकदा काठीकडे पाहिलं, एकदा भिंतीवरच्या पट्टीकडे, आणि टोपी काढून हातात घेतली. मला वाटतं त्यांना माईंच्या आधी कळलं. मग नानांनी सांगितलं. हळू, खाली मान घालून, सरकारी कागद वाचून दाखवावा तसं सांगितलं. दोन वर्षं. दोन्ही डोळे. डॉक्टर काय म्हणाले ते. माईंनी सगळं ऐकलं. त्यांच्याकडे बघितलंही नाही. माझ्याकडे वळल्या.

“तुला ठाऊक होतं?”

“हो.”

“आणि तुझ्या ताईला?”

“हो, माई.”

“माझा नवरा आंधळा होतोय हे नकाशाला ठाऊक, सुताराच्या काठीला ठाऊक, आणि मी पंचे वाळत घालायची पट्टी बघत बसले.” त्यांचा आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागलं. “माझ्या घरात तुम्ही दोघींनी मला पाहुणी केलंत.”

मी माफी मागितली. तुमच्या वतीनं मागितली की माझ्या, मला ठाऊक नाही. त्यांनी ती घेतली नाही. नानांना जीपमधून पौडला दवाखान्यात नेलं, टाके पडले, मनगट बांधलं. परत आल्यावर माईंनी तांब्या घेऊन उंबऱ्यावरचं रक्त धुतलं, फडक्यानं कोरडं केलं. सोपानकाका पहार घेऊन आले.

“माई, काढू का उंबरा?”

“थांबा.” मग मला म्हणाल्या, “चल. काय काय करून ठेवलंय ते दाखव मला. सगळं.”

मी सांगायला लागले, तर त्यांनी मला थांबवलं. उरलेला पदर डोळ्यांवर घट्ट बांधला आणि पलंगाशी जाऊन उभ्या राहिल्या. “आता सांग.” नऊ पावलं मोरी. त्यांची पावलं लहान, त्यांना बारा लागली. पट्टीवरून हात सरकवत गेल्या. खरबरीत फरशी आली तेव्हा थबकल्या, अंगठ्यानं ती चाचपली, चौकड्या आल्या तेव्हा पुन्हा थबकल्या. तोंडातून “हं” एवढंच. ताई, त्या ‘हं’मध्ये तुमचं कौतुक होतं. मी तिथे होते, मला ते कळलं. पुण्यात इतकी माणसं तुमच्याविषयी बोलून गेली, पण तुमचं खरं काम ओळखलं ते डोळे बांधलेल्या त्या चिडलेल्या बाईनं.

मग त्या स्वयंपाकघरात गेल्या. दोन पावलं आत टाकली, आधाराला हात पुढे केला, तो हात थेट शेगडीच्या जागी गेला.

पदर सोडून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “इथे विस्तव असणार. ते रात्रंदिवस पाणी मागत इथे येतात, चाळीस वर्षं येतात. पट्टी दारात संपते आणि पुढे सरळ विस्तव. हे कुणी काढलं?”

तुम्ही काढलं होतं, ताई. मी रेघ ओढली होती. नानांनी स्वयंपाकघराविषयी काही सांगितलं नव्हतं, कारण ते तिथे काय करतात हे त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं. ते माईंना ठाऊक होतं.  समजा ते पडले नसते. समजा सगळं ठरल्याप्रमाणे झालं असतं.

दोन दिवसांत सोपानकाकांनी शेगडीचा ओटा पलीकडच्या भिंतीला नेला. माई उभ्या राहून सांगत होत्या: पाण्याचा माठ दाराशी डाव्या हाताला, पट्टी माठापर्यंत, सांडशी या खिळ्यावर, कधी हलवायची नाही. नकाशा मी दुसऱ्यांदा काढला आणि या वेळी फक्त माईंना विचारत गेले. उंबऱ्याचं मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “राहू दे. उंबरा आहे म्हणून नाही पडले ते. उंबरा आहे हे ठाऊक नव्हतं म्हणून पडले. बाकी कुठे नको, पण इथे हवा. पायाला लागला की त्यांना कळेल आपण घरात आलो, की घराबाहेर निघालो.”

नाना भिंतीशी बसले होते, कपाळाला पट्टी. ते म्हणाले, “हद्दीचा दगड.”

“तेच,” माई म्हणाल्या. तीन दिवसांत त्यांनी नवऱ्याशी बोललेला तो पहिला शब्द.

ताई, तुम्ही नानांच्या वाटेतलं सगळं उचलून घेतलंत, आणि ती माया होती. पण ज्याला दिसत नाही त्याला अडणारंही काहीतरी लागतं, हे आपल्या दोघींच्या लक्षात आलं नाही. तुम्ही असतात तर कबूल केलं असतंत का? मला वाटतं, पेन्सिलीला टोक करत राहिला असतात, आणि पुढच्या घराच्या वेळी न बोलता तसं केलं असतंत.

वास्तुशांतीला मुलगा आला. कपाळ बघून त्यानं विचारायचं ते विचारलं आणि माईंनी लपवलं नाही. तो संतापला. त्याचंही चुकलं नाही; मी त्याच्या जागी असते तर तेच म्हणाले असते. जंगलात दोन म्हातारी माणसं, एकाला दिसत नाही, पावसाळ्यात दवाखाना गाठायचा कसा? माई म्हणाल्या, “दोन पावसाळे बघू. नाही जमलं तर मी स्वतः तुला पत्र घालीन.” तो प्रसाद न घेताच निघत होता, माईंनी डब्यात बांधून दिला. त्यानं डबा घेतला. एवढंच. पुढे काय होईल कुणालाच ठाऊक नाही. सोपानकाका रोज संध्याकाळी एक चक्कर टाकतात. “काळजी करू नका बाई, मी हाय हितं,” म्हणतात. मी करतेच. विहिरीची वाट, सापाकिरडाचे दिवस, ओल्या फरश्या. माझी यादी संपत नाही.

गेल्या आठवड्यात एका खिडकीची कडी बसवायची राहिली होती म्हणून मी गेले आणि मुक्काम केला. सकाळी नाना ओसरीवर बसले होते, तळ्याकडे तोंड करून. मी चहा नेऊन दिला. त्यांनी पेला बरोबर हातात घेतला, मग समोर बोट केलं.

“कुंदा, ते पाण्यावर पांढरं दिसतंय ते काय? धुकं आहे की बगळे बसलेत? मोजणीला आलो तेव्हा या बाजूला बगळे फार असायचे.”

माई मागे दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, हात पदराला पुसत. मी पाहिलं. पूर्ण तळ्यावर धुकं होतं, पलीकडचा डोंगरही दिसत नव्हता. गुपितं ठेवू नयेत यावर मी तुमच्याशी इतकी भांडलेली. मी म्हटलं, “धुकं आहे, नाना.”

“असं होय,” ते म्हणाले आणि पेल्यात बघायला लागले.

“दोन बगळे पण आहेत,” माई म्हणाल्या. “अलीकडे, काठाला. हिला दिसले नाहीत.”

नानांनी मान वर केली. “दोनच?”

“थांबा, तिसरा येतोय.”

ताई, बगळे नव्हते. माईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही.